ढगांचा नाद लागलेला माणूस

मैत्रिणींनो, गोटी सोड्याची बाटली फोडताना कधी नीट बघितलंय का? गोटी आत ढकलली की फस्सकन आवाज होतो आणि त्याच क्षणी बाटलीच्या तोंडाशी पांढरट धुक्याचा एक झोत दिसतो. पापणी लवायच्या आत विरूनही जातो. त्यात गूढ काही नाही. दाबून भरलेला वायू एकदम मोकळा झाला की पसरतो, पसरला की गार होतो, आणि गारव्यानं तिथल्या वाफेचे बारीक बारीक थेंब होतात. म्हणजे तो एवढासा ढगच झाला की! आपण सोडा पितो आणि घरी येतो. पण एका माणसानं असले काचेतले ढग करण्यात उमेदीची वर्षंच्या वर्षं घातली, आणि त्या ढगांनी अणूच्या आतलं जग पहिल्यांदा आपल्या डोळ्यांना दाखवलं.

त्यांचं नाव चार्ल्स थॉमसन रीस विल्सन. घरात कुणी सायन्सला असेल तर त्यांच्या पुस्तकात क्लाउड चेंबर म्हणून एक आकृती असते, ती यांची. परीक्षेला चार मार्कांची. त्या चार मार्कांच्या मागे केवढं आयुष्य आहे ते पुस्तकात नसतं, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं. आणखी एक कारण आहे. पाऊस लांबला की आपले डोळे आभाळाकडे लागतात. हल्ली एक नवाच प्रश्न कानावर येतो, की अंतराळातून येणारे वैश्विक किरण म्हणे ढग कमी-जास्त करतात, खरं आहे का? या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण विल्सन यांच्याच दारात जाऊन उभ्या राहतो.

विल्सन यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६९ चा, स्कॉटलंडमधला. एडिंबरा शहराजवळ पेंटलंडच्या टेकड्या आहेत, तिथे वडील मेंढ्या पाळायचे, शेती करायचे. आठ भावंडांत चार्ल्स सगळ्यात धाकटा. चार वर्षांचा असताना, १८७३ मध्ये, वडील गेले. मला या गोष्टीत सगळ्यात आधी दिसते ती त्यांची आई, ॲनी. शेतावरचं घर, मेंढ्या, पदरात पोरं आणि नवरा नाही. ती मुलांना घेऊन मँचेस्टरला गेली. आपल्या वऱ्हाड-खानदेशातला कापूस ज्या भागातल्या गिरण्यांसाठी बोटीनं जायचा, तेच हे मँचेस्टर. धूर, धुकं आणि भोंगे. मोकळ्या टेकड्यांवरून एकदम तिथे! पण तिथे शाळा होत्या, कॉलेज होतं. तिनं मुलाला शिकवलं. विल्सन यांच्या चरित्रांत या बाईविषयी फार तर दोन-चार ओळी असतात. त्या वाचून माझं काही समाधान होत नाही.

आणि खर्च कुणी केला? इथे आपला देश येतो बघा. चार्ल्सचा सावत्र भाऊ विल्यम कलकत्त्याला व्यापारात होता. तिथून तो पैसे पाठवायचा आणि त्यावर हा धाकटा शिकायचा. सावत्र या शब्दाला आपल्याकडे जी धार आहे, ती इथे पार बोथट होऊन जाते. हुगळीच्या काठी मिळवलेला पैसा मँचेस्टरला एका मुलाच्या पुस्तकांत जात होता. मुलानं डॉक्टर व्हायचं असं आधी ठरलं होतं. पंधराव्या वर्षी तो तिथल्या ओवेन्स कॉलेजात दाखल झाला. पुढे १८८८ मध्ये केंब्रिजची शिष्यवृत्ती मिळाली आणि डॉक्टरकी मागे पडून पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राकडे गाडी वळली. १८९२ ला पदवी झाली. पदवी झाली म्हणजे नोकरी लागली असं तेव्हाही नव्हतं. कॉलेजात लहानसहान शिकवण्या, मग काही काळ ब्रॅडफर्डच्या शाळेत मास्तरकी. तुमच्या-माझ्या घरातल्या मुलांचं होतं तेच.

मग आला सप्टेंबर १८९४. स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिस नावाचा डोंगर आहे, ब्रिटनमधला सगळ्यात उंच, साधारण १३४५ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरनं कमीच, पण थंडी-वारा विचारू नका. त्याच्या माथ्यावर तेव्हा हवामानाची वेधशाळा होती. तिथली नेहमीची माणसं सुट्टीवर गेली की बदली म्हणून कुणीतरी दोन आठवडे राहायचं. विल्सन गेले. पंचवीस वर्षांचा तरुण, काम एकच, हवेच्या नोंदी घ्यायच्या. सकाळी सूर्य मागून वर यायचा आणि समोर, खाली दरीभर ढग पसरलेले. त्या ढगांवर आपलीच सावली पडायची आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी उमटायची.

हे आपल्याला परकं नाही हं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या सुमाराला हेच दिसतं, आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात. एकोणिसाव्या शतकात साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ते तिथे दिसलं होतं असं सांगतात. ज्यांनी बघितलंय त्या सांगतील, माणूस खिळून राहतो. विल्सनही खिळले. पण त्यांच्या डोक्यात लगेच दुसरं चक्र सुरू झालं, की हे रंग मला प्रयोगशाळेत करून बघता येतील का? म्हणजे ढगच करायचा. १८९५ च्या सुरुवातीला केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ते त्याच कामाला लागले.

त्याच वर्षी जूनमध्ये ते पुन्हा त्या भागात गेले. शेजारच्या कड्यावर असताना वीज कडाडायच्या बेतात होती आणि त्यांच्या डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले. ते जिवाच्या आकांतानं खाली पळाले म्हणून वाचले. ढगातल्या विजेचं कुतूहल तेव्हा जे शिरलं ते शेवटपर्यंत गेलं नाही.

आता थोडं डोकं शांत ठेवून वाचा, कारण खरी गंमत इथे आहे. ढग व्हायला नुसती वाफ पुरत नाही, वाफेला बसायला पाट लागतो. हवेतला धुळीचा कण, मिठाचा कण, धुराचा कण, त्यावर वाफ बसते आणि थेंब होतो. जॉन एटकिन या स्कॉटिश संशोधकाचं काम त्याआधीच होऊन गेलं होतं, आणि धूळ नसेल तर ढग नाही असंच सगळे धरून चालले होते. विल्सन यांनी काचेच्या भांड्यात ओली हवा घेतली, ती एकदम पसरवून ढग केला, थेंब खाली बसू दिले. थेंबाबरोबर धूळही खाली. पुन्हा केला, पुन्हा बसू दिला. असं करत करत हवा इतकी निवळली की आता ढग व्हायलाच नको. आणि खरंच होईना. पण हवा मूळच्या सव्वापट पसरवली, की तरीही काही थेंब दिसायचे. शंभरदा करा, शंभरदा तेवढेच. धूळ असती तर संपली असती. हे संपतच नव्हतं! म्हणजे त्या बंद भांड्यात, धुळीशिवाय, वाफेला बसायला दुसरं काहीतरी सतत नव्यानं तयार होत होतं.

काय असावं ते? नेमकं तेव्हाच, १८९५ च्या अखेरीला, राँटगेन यांना क्ष-किरण सापडले होते. १८९६ मध्ये विल्सन यांनी ते किरण आपल्या भांड्यावर सोडले आणि चार थेंबांच्या जागी दाट धुकं झालं. कोडं उलगडत चाललं. क्ष-किरण हवेच्या कणांवर विजेचा भार चढवतात, असे भारित कण म्हणजे आयन, आणि धूळ नसली तरी वाफ त्या आयनांवर बसते. छान. पण क्ष-किरण नसतानाही जे थोडे थेंब होत होते, त्यांच्यासाठी आयन कोण करत होतं? अंधारात, बंद भांड्यात?

हे शोधायला त्यांनी एक वेगळंच उपकरण घेतलं. सोन्याचं अगदी पातळ पान, त्याला विजेचा भार दिला की ते दांडीपासून दूर होऊन तिरपं उभं राहतं. कंगव्यानं केस विंचरून कागदाचे कपटे उडवतो ना आपण, त्यातलीच वीज. भार गळून गेला की पान हळूहळू खाली येतं. विल्सन यांनी सगळे बंदोबस्त केले, टेकू म्हणून वीज न जाऊ देणारा गंधकाचा मणी लावला, तरी पान खाली येतच होतं. दिवसा येत होतं, रात्रीही येत होतं. तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी लिहिलं की हे करणारे किरण कदाचित आपल्या वातावरणाच्या बाहेरून येत असतील. त्या काळी हा विचार म्हणजे केवढं धाडस!

आणि तो तपासायला त्यांनी काय केलं माहितीय? ते उपकरण घेऊन स्कॉटलंडमध्ये पीबल्सजवळच्या रेल्वेच्या बोगद्यात जाऊन बसले, रात्रीचे. हिशेब सरळ होता. किरण वरून येत असतील तर डोंगराखाली ते कमी पोचायला हवेत आणि पान हळू उतरायला हवं. पान उतरलं तेवढ्याच वेगानं. विल्सन यांनी प्रामाणिकपणे लिहून टाकलं, की बाहेरून किरण येतात असं दिसत नाही. विषय बंद.

आज आपल्याला कळतं की अंदाज बरोबरच होता. घोटाळा बोगद्यानं केला. खडकातही किरणोत्सारी द्रव्यं असतात, ती आपले किरण सोडत होती, त्यामुळे वरून कमी झालेलं खालून भरून निघालं. १९१२ च्या ७ ऑगस्टला व्हिक्टर हेस नावाचे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ असंच उपकरण घेऊन बलूनमधून ५३०० मीटरच्याही वर गेले आणि वर जावं तशी गळती वाढते असं त्यांना आढळलं. वैश्विक किरणांचा शोध हेस यांच्या नावावर लागला, १९३६ चं नोबेलही त्यांना मिळालं. अकरा वर्षं आधी एक माणूस त्याच दारापर्यंत जाऊन परत फिरला होता. हेस यांनी जीव धोक्यात घातला, त्यांचा मान त्यांना. पण बोगद्यातल्या त्या रात्रींची चुटपुट मला लागते ती लागतेच.

विल्सन मात्र पुन्हा आपल्या काचेकडे वळले. मधल्या काळात, १९०८ मध्ये, त्यांचं ग्लासगोच्या जेसी डिक यांच्याशी लग्न झालं. संसार चालू, शिकवणं चालू. बोलताना ते अडखळत. वर्गात आवाज पोचत नसे, पण जे सांगत ते असं की शहाणी मुलं कान देऊन बसत. काचेची भांडी ते स्वतः फुंकून करत. तापवलेली काच तडकते, पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या चिकाटीचा एक किस्सा सांगतात. रुदरफोर्ड न्यूझीलंडला जाताना निरोप घ्यायला आले तेव्हा विल्सन काचेचा एक सांधा घासत बसले होते, आणि काही महिन्यांनी परत आले तेव्हाही घासतच होते! किस्साच तो, थोडं मीठ-मसाला असणार. पण कुरडयांचा चीक घोटलेल्या बायकांना यातलं खरं किती ते बरोबर कळेल.

१९११ मध्ये त्या घासण्याचं चीज झालं. किरणोत्सारी द्रव्यातून सुटलेला कण भांड्यातून धावला की वाटेत आयनांची रांग ठेवतो. त्या क्षणी हवा पसरवली की त्या रांगेवर थेंब बसतात आणि ढगाची एक बारीक रेघ उमटते. विल्सन यांनी त्या रेघांचे फोटो काढले. उंचावरून जाणारं विमान दिसत नाही पण मागची पांढरी रेघ दिसते ना, तसंच हे. तोवर अणू, इलेक्ट्रॉन ही हिशेबातली माणसं होती. आता त्यांची पावलं दिसू लागली. १९२७ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल विल्सन आणि अमेरिकेचे आर्थर कॉम्प्टन यांना मिळून मिळालं. पुढे १९३२ मध्ये पॉझिट्रॉन हा नवा कण सापडला तो अशाच पेटीत, तोही वैश्विक किरणांमुळेच. हे किरण शोधण्याचं श्रेय हातचं गेलं, पण ते बघायला जगानं वापरली विल्सन यांचीच पेटी.

इथे एका बंगाली मुलीचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. विभा चौधुरी. देवेंद्र मोहन बोस यांच्याबरोबर तिनं दार्जिलिंगच्या उंचीवर फोटोच्या काचा ठेवून वैश्विक किरणांचे माग टिपले, १९४० च्या आसपास. महायुद्धामुळे चांगल्या प्लेटा मिळेनात, काम अडलं, आणि तोच रस्ता पकडून पुढे सेसिल पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं. विभाताई नंतर मँचेस्टरला गेल्या, हो, विल्सन लहानाचे मोठे झाले त्याच गावी, आणि विल्सनची पेटी सुधारून नोबेल मिळवणाऱ्या ब्लॅकेट यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली. मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पहिल्या महिला संशोधक झाल्या. १९९१ मध्ये त्या गेल्या तेव्हा फारसं कुणाला कळलंही नाही. २०१९ मध्ये एका ताऱ्याला विभा हे नाव मिळालं, तेवढं समाधान.

बरं, मूळ प्रश्नाकडे येऊ. आयनांवर थेंब बसतात आणि वैश्विक किरण आयन करतात. मग हे किरण आभाळात ढग करत असतील का? सरळ उत्तर द्यायचं तर, विल्सनच्या पेटीत होतं तसं नाही. पेटीत हवेला वाफेचा नेहमीच्या चौपट वगैरे भार द्यावा लागतो, तेव्हा कुठे ती आयनांवर बसते. खऱ्या आभाळात वाफ शंभर टक्क्यांच्या वर जेमतेम एखादा टक्का जाते, कारण धूळ, मीठ, धूर यांचे पाट तिला आधीच मिळतात.

पण १९९७ मध्ये डेन्मार्कच्या स्वेन्समार्क आणि फ्रीस-ख्रिस्तेनसन यांनी उपग्रहांच्या नोंदी मांडून दाखवलं, की सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात वैश्विक किरण कमी-जास्त होतात तसे ढगही तीन-चार टक्के कमी-जास्त होताना दिसतात. सूर्य जोरात असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र या किरणांना अडवतं, ते कमी पोचतात. त्यांचं म्हणणं असं, की किरण थेट थेंब करत नसतील, पण ज्या कणांवर पुढे थेंब बसतो ते कण जमवायला आयन मदत करत असतील. आपल्याकडे इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव यांनीही २०११ मध्ये हे किरण आणि जगाचं तापणं यांचा संबंध मांडला होता. खूप वाद झाले. पुढच्या वर्षांच्या नोंदी आल्या तसा तो जुळलेला आलेख सुटत गेला.

मग जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत खोलीएवढी पोलादी टाकी बांधून २००९ पासून प्रयोग सुरू झाले, त्याचं नावच क्लाउड. विल्सनच्या पेटीची नातच म्हणा ना. त्यात दिसलं ते असं. आयनांमुळे अतिसूक्ष्म कण जमायला मदत होते हे खरं. पण गंधकाची आम्लं, अमोनिया, झाडांनी सोडलेली सुगंधी द्रव्यं यांचा वाटा मोठा, आणि जमलेले कण थेंब धरण्याएवढे मोठे व्हायला अजून बराच पल्ला असतो. सूर्याच्या चक्रात किरणांत जो फरक पडतो, त्यानं ढगांत नजरेत भरेल एवढा फरक पडत नाही. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०१३ च्या अहवालातही हा संबंध फारच दुबळा ठरवला. तेव्हा आपला मान्सून रखडला तर त्याचा दोष या किरणांवर टाकू नका. तो तापलेली जमीन, समुद्र आणि वारे यांचा कारभार आहे. कणांचं महत्त्व मात्र खोटं नाही. आपल्याकडे दुष्काळात विमानातून ढगांवर फवारणी करून पाऊस पाडायचे प्रयोग झाले, २००३ मध्येही झाले होते, त्यामागे हीच पाटाची कल्पना.

विल्सन १९३४ मध्ये निवृत्त झाले आणि पुढे स्कॉटलंडला परतले. जन्मलेल्या शेताजवळच्या कार्लोप्स या खेड्यात राहिले, टेकड्या चढत राहिले. १९५५ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर ते आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. जन्मभर खालून बघितलेले ढग वरून बघितले! लगेच पुढच्या वर्षी, सत्याऐंशीव्या वर्षी, गडगडणाऱ्या ढगांतल्या विजेवर त्यांचा शोधनिबंध छापून आला. १५ नोव्हेंबर १९५९ ला ते गेले.

या विजेच्या ढगांबद्दल त्यांचं एक जुनं अनुमान होतं. १९२९ च्या सुमाराला त्यांनी मांडलं होतं, की अशा ढगात शंभर कोटी व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. बलून, विमानं पाठवून बघितली, पण एवढा आकडा कधी मिळाला नाही. १ डिसेंबर २०१४ ला उटीवर एक वादळ आलं, अठरा मिनिटांचं. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ग्रेप्स नावाची प्रयोगशाळा आहे, वैश्विक किरणांतून तयार होणारे म्युऑन कण मोजणारी. ढग डोक्यावर असताना ते कण साधारण दोन टक्क्यांनी घटले, आणि त्या घटीवरून ढगातला दाब काढला तर तो निघाला एकशे तीस कोटी व्होल्ट. २०१९ च्या मार्चमध्ये तो निष्कर्ष छापला गेला, त्यात विल्सन यांच्या अनुमानाचा उल्लेख आहे.